क्षयजंतूचा भाऊबंद आणि क्रोन्सचे कोडे

महिनोन्‌महिने चाललेले जुलाब, उजव्या कुशीत राहून राहून उठणारी कळ, संध्याकाळचा बारीक ताप आणि सैल होत गेलेले कपडे. असा तरुण रुग्ण भारतातल्या पोटविकारतज्ज्ञाकडे आला की डॉक्टरांच्या मनात दोन नावे एकदमच येतात: आतड्याचा क्षय आणि क्रोन्स. लहान आतडे जिथे संपते आणि मोठे आतडे जिथे सुरू होते, तो सांधा या दोन्ही आजारांचा आवडता. दोन्हींत व्रण पडतात, आतडे अरुंद होते, सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या गाठी दिसतात. एक आजार जंतूमुळे होतो आणि सहसा सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. दुसरा जन्मभर सोबत राहतो आणि त्याचे मूळ कारण अजून कोणी ठामपणे दाखवलेले नाही.

या साम्यामुळेच गेल्या शतकभरात एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. क्रोन्सच्या मुळाशीही क्षयजंतूच्या कुळातला एखादा जंतू असेल का? त्याच्या बाजूने आणि विरोधात आजवर काय हाती आले आणि काय अजून सुटलेले नाही, याचा हा आढावा आहे. भारतीय रुग्णाच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो शेवटी येईल.

गुरांच्या आजारापासून सुरुवात

१८९५ साली जर्मनीत ड्रेस्डेन येथे पशुवैद्य हाइनरिख आल्बर्ट योने आणि त्यांचे अमेरिकी सहकारी लँग्डन फ्रॉदिंगहॅम यांनी एका गायीचे जाड झालेले आतडे तपासले. त्यात क्षयजंतूसारखे दिसणारे जंतू खच्चून भरलेले होते. गुरे, शेळ्या, मेंढ्या यांना होणाऱ्या या आजारात जनावराला सतत पातळ शेण होते, चारा खाऊनही ते खंगत जाते. योने यांच्या नावावरून हा आजार जोनीज रोग म्हणून ओळखला जातो. त्याचा जंतू प्रयोगशाळेत वाढवणे फार जिकिरीचे होते. १९१०च्या सुमारास ब्रिटनमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांना ते जमले. या जंतूचे आजचे लांबलचक नाव मायकोबॅक्टेरियम एव्हियम पॅराट्युबरक्युलोसिस. संशोधक त्याला मॅप म्हणतात, आपणही तेच म्हणू.

१९१३ साली ग्लासगोचे शल्यविशारद थॉमस केनेडी डाल्झिएल यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आतड्याच्या जुनाट दाहाच्या काही रुग्णांचे वर्णन छापले. आतडे रबरी नळीसारखे ताठ आणि जाड झालेले होते, पण क्षयाचा जंतू कुठेच सापडत नव्हता. हे चित्र गुरांच्या जोनीज रोगाशी किती जुळते याकडे डाल्झिएल यांनी लक्ष वेधले, आणि जंतू न सापडल्याने दोन्ही एकच आहेत असे म्हणता येत नाही हेही नोंदवले. पुढच्या शंभर वर्षांच्या वादाच्या दोन्ही बाजू त्या एका निबंधात आलेल्या आहेत.

१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिंझबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १४ रुग्णांचा अहवाल अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. लेखकांची नावे वर्णानुक्रमे होती, त्यामुळे आजाराला क्रोन यांचे नाव मिळाले. त्यांनीही क्षय शोधला, तो मिळाला नाही, आणि हा स्वतंत्र आजार आहे असे त्यांनी मांडले. त्यानंतर पन्नास वर्षे जंतूचा विचार मागे पडला. स्वतःच्याच आतड्यावर उलटलेली प्रतिकारशक्ती, ही समजूत रुळत गेली.

जंतू पुन्हा चर्चेत

१९८४ साली अमेरिकेत रॉड्रिक चिओडिनी आणि सहकाऱ्यांनी क्रोन्सच्या काही रुग्णांच्या आतड्यातून अतिशय मंद वाढणारा जंतू वेगळा केला. सुरुवातीला त्याला पेशीभित्तिकाच नव्हती, त्यामुळे नेहमीच्या रंगद्रव्याने तो दिसणे शक्य नव्हते. पुढे तो मॅपच असल्याचे ठरले. रुग्णाकडून मिळालेला जंतू नवजात करडांना दिल्यावर त्यांच्या आतड्यांत गाठींचा दाह झाला. डाल्झिएल यांना जो दुवा मिळाला नव्हता तो सापडला, असे अनेकांना वाटले.

१९८९ साली लंडनमध्ये जॉन हर्मन-टेलर यांच्या गटाने मॅपच्या जनुकसंचात अनेकदा येणारा आयएस९०० हा तुकडा वर्णिला. आता जंतू वाढवण्यासाठी महिनोन्‌महिने थांबायची गरज उरली नाही. ऊतीच्या छोट्या तुकड्यात त्याची जनुकीय खूण शोधता येऊ लागली. १९९२ साली याच गटाने क्रोन्सच्या सुमारे ६५ टक्के रुग्णांच्या आतड्यात ती खूण सापडल्याचे सांगितले. आजार नसलेल्यांत हे प्रमाण १२.५ टक्के होते. २००४ साली फ्लोरिडातील सालेह नासर यांच्या गटाने लॅन्सेटमध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकले. क्रोन्सच्या २८ पैकी १४ रुग्णांच्या रक्तातून जिवंत मॅप वाढवल्याचे त्यांनी नोंदवले. आतड्याचा दाह नसलेल्या १५ जणांपैकी एकाच्याही रक्तात तो मिळाला नाही.

‘जंतूच कारण’ म्हणणाऱ्यांची बाजू

या मताच्या संशोधकांचे मुद्दे असे. गुरांतला आजार आणि माणसातला आजार यांची ऊतीतली खूण मिळतीजुळती आहे. मॅप जगभरच्या दुभत्या कळपांत पसरलेला आहे आणि दुधात उतरतो. बेलफास्टच्या आयरीन ग्रँट यांच्या गटाने ब्रिटनमधील दुकानांतून घेतलेले पाश्चरीकृत दुधाचे ५६७ नमुने तपासले, तेव्हा त्यातल्या १० नमुन्यांत जिवंत मॅप मिळाला. हे प्रमाण सुमारे १.८ टक्के होते. याच काळजीपोटी ब्रिटनमधील डेअऱ्यांनी ७२ अंशांवर दूध तापवण्याचा वेळ १५ सेकंदांवरून २५ सेकंदांवर नेला.

त्यांचा दुसरा आधार इतिहासाचा आहे. पोटातील व्रण ताणामुळे आणि आम्लामुळे होतो असे वर्षानुवर्षे शिकवले जात होते. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचे काम दाखवून बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी ते चित्र बदलले आणि २००५चे नोबेल मिळवले. हेलिकोबॅक्टरवरील तिहेरी औषधयोजनेत अग्रणी असलेले सिडनीचे थॉमस बोरोडी हेच पुढे क्रोन्सवर मॅपविरोधी प्रतिजैविके वापरण्याचे पुरस्कर्ते झाले. मॅप ऊतीत विरळ असतो, पेशीभित्तिकेविना लपतो, म्हणून तो सहज सापडत नाही, असे ते सांगतात. कुष्ठरोगाच्या एका प्रकारातही ऊतीत जंतू जवळजवळ दिसत नाहीत, तरी आजार जंतूचाच असतो, या उदाहरणाकडेही ते बोट दाखवतात.

शंका घेणाऱ्यांची बाजू

दुसऱ्या बाजूचे म्हणणे तितकेच नीट ऐकायला हवे. पहिला मुद्दा निकालांतल्या विसंगतीचा आहे. काही प्रयोगशाळांना बहुसंख्य रुग्णांत मॅप मिळतो, काहींना एकाही रुग्णात मिळत नाही. २००७ आणि २००८ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणांत क्रोन्स आणि मॅप यांचा संबंध आढळला. मात्र तो कारणाचा आहे की केवळ सोबतीचा, हे त्यातून ठरले नाही. आतड्याला व्रण पडले की त्यातून जाणारा कुठलाही जंतू ऊतीत घुसू शकतो. मॅप हा आजाराने उघड्या टाकलेल्या दारातून आत आलेला पाहुणा असू शकतो.

दुसरा मुद्दा साथीच्या अभ्यासाचा. जोनीज झालेल्या गुरांसोबत रोज काम करणाऱ्यांना क्रोन्स अधिक व्हायला हवा होता. तपासणीत तसे दिसलेले नाही. उलट ग्रामीण भागात, जनावरांच्या सहवासात बालपण गेलेल्यांत आतड्याच्या दाहविकारांचे प्रमाण कमी असल्याचे अनेक अभ्यास सांगतात.

तिसरा मुद्दा सर्वात वजनदार मानला जातो. क्षयजंतूच्या कुळाला शरीर गाठींत कोंडून ठेवते आणि त्यासाठी टीएनएफ हा प्रथिन-निरोप लागतो. टीएनएफला अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब १९९८ साली अमेरिकेत क्रोन्ससाठी मान्य झाले. २००१ साली ते घेणाऱ्या ७० जणांना क्षय झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली, म्हणजे कोंडलेला जंतू सुटला. क्रोन्स खरोखर मॅपमुळे असता तर या औषधाने रुग्ण बिघडायला हवे होते. प्रत्यक्षात अनेक जण सुधारतात. याला जंतूपक्षाचे उत्तर असे की अझाथायोप्रिनसारखी, प्रतिकारशक्ती दाबणारी म्हणून दिली जाणारी काही औषधे परीक्षानळीत मॅपची वाढ रोखतात, तेव्हा त्यांचा गुण कोणत्या वाटेने येतो हे गृहीत धरू नये. इन्फ्लिक्सिमॅबबाबत मात्र त्यांचे उत्तर अजून पटण्याजोगे झालेले नाही.

या बाजूला एक लक्षणीय नाव आहे ह्युबर्ट व्हॅन क्रूनिंगेन यांचे. करडांवरील १९८६च्या प्रयोगाचे ते प्रमुख लेखक. १९९९ साली त्यांनीच लिहिले की गुरांचा आणि माणसाचा आजार एकाच कारणाचे आहेत असे मानायला पुरावा नाही. स्वतःच्याच प्रयोगाने उभा केलेला तर्क नव्या पुराव्यासमोर सोडण्याचा हा प्रामाणिकपणा या वादात वारंवार दिसायला हवा होता.

जनुकांनी उघडलेली मधली वाट

२००१ साली दोन स्वतंत्र गटांनी क्रोन्सशी जोडलेले पहिले जनुक दाखवले. त्याचे नाव एनओडी२, आणि त्याचे काम जंतूच्या पेशीभित्तिकेचा एक छोटा तुकडा ओळखून शरीराला सावध करणे हे आहे. पुढे २००७ मध्ये एटीजी१६एल१ आणि आयआरजीएम ही नावे आली. पेशीच्या आत शिरलेल्या जंतूला वेढून पचवण्याच्या क्रियेत ही जनुके भाग घेतात. २००९ साली चीनमधील कुष्ठरोगाच्या अभ्यासात एनओडी२ पुन्हा समोर आले. २०१२ साली आतड्याच्या दाहविकारांशी निगडित १६३ जनुकस्थाने एकत्र मांडणाऱ्या मोठ्या अभ्यासानेही क्षयकुळातील जंतूंच्या संसर्गाशी असलेले हे आच्छादन ठळकपणे नोंदवले.

यातून तिसरी भूमिका पुढे आली. क्रोन्स हा अमुक एका जंतूचा आजार नसून जंतूंना हाताळण्यातला दोष आहे. दोषी जनुकांमुळे आतड्याचे रक्षण ढिले पडते, आत शिरलेले जंतू पूर्ण नष्ट होत नाहीत आणि दाह धुमसत राहतो. तो जंतू मॅप असू शकतो किंवा फ्रान्समध्ये आर्लेट दारफ्यू-मिशो यांच्या गटाने वर्णिलेला, आतड्याच्या भिंतीला चिकटून आत घुसणारा ई. कोलाय असू शकतो. एखाद्या उपकारक जंतूची कमतरताही तितकीच घातक ठरू शकते. २००८ साली हॅरी सोकोल यांच्या गटाने फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी या जंतूचे प्रमाण कमी असलेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर आजार लवकर परततो असे दाखवले. या भूमिकेतून पाहिले की दोषी एक जंतू न राहता आतड्यातली सगळी वस्ती प्रश्नाखाली येते.

२०२४ साली लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेत जेम्स ली यांच्या गटाने याच प्रवाहात भर घातली. एकविसाव्या गुणसूत्रावरील ज्या ओसाड पट्ट्याचा आजाराशी संबंध दिसत होता, तो पट्टा मॅक्रोफेज या भक्षक पेशींत ईटीएस२ या जनुकाची चावी चालवतो आणि दाह पेटवतो, असे त्यांनी उलगडले. कुठला जंतू ठिणगी टाकतो यापेक्षा आग विझत का नाही, याकडे या कामाचा रोख आहे.

एक इशारा इथे नोंदवायला हवा. एनओडी२मधले युरोपात गाजलेले बदल भारतीय रुग्णांत क्वचितच आढळतात. युरोपीय रुग्णांवरून काढलेले निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडतीलच असे नाही.

औषधांच्या चाचण्यांनी काय सांगितले

जंतू कारण असेल तर जंतुनाशकाने आजार हटला पाहिजे. ही कसोटी साधी वाटते, निकाल मात्र साधे नाहीत.

१९९४ साली ब्रिटनमध्ये १३० रुग्णांवर रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड आणि एथाम्ब्युटॉल ही क्षयाची औषधे दोन वर्षे देऊन पाहिली गेली. फायदा दिसला नाही. जंतूपक्षाचा आक्षेप असा की आयसोनियाझिड मॅपवर मुळातच चालत नाही, तेव्हा चाचणीतली औषधेच चुकीची होती.

मग ऑस्ट्रेलियात वॉरविक सेल्बी यांच्या नेतृत्वाखाली २१३ रुग्णांवर क्लॅरिथ्रोमायसिन, रिफाब्युटिन आणि क्लोफॅझिमिन यांची नकली गोळीशी तुलना करणारी दोन वर्षांची चाचणी झाली. निकाल २००७ साली आले. १६ आठवड्यांनी औषधगटातले ६६ टक्के आणि नकली गोळीच्या गटातले ५० टक्के रुग्ण शांतावस्थेत होते. हा फरक खरा होता. पण आजार उलटण्याचे प्रमाण मोजले तेव्हा पुढे दोन्ही गटांत ठोस फरक टिकला नाही आणि औषधे थांबवल्यानंतरच्या वर्षात तो पुसलाच गेला. औषधांच्या मात्रा कमी होत्या आणि रुग्ण निवडताना त्यांच्यात मॅप आहे का हे पाहिले नव्हते, अशी टीका झाली. तशाच तीन औषधांची एकत्र कॅप्सूल घेऊन ३३१ रुग्णांवर झालेल्या नंतरच्या चाचणीत २६ आठवड्यांनी औषधगटातील सुमारे ३७ टक्के रुग्ण शांतावस्थेत आले. नकली गोळीच्या गटात हे प्रमाण एक चतुर्थांशाहून कमी होते.

म्हणजे काही रुग्णांना लाभ होतो, एवढे दिसते. पण क्लॅरिथ्रोमायसिन अनेक जंतूंवर चालते आणि स्वतः दाहही थोडा कमी करते. त्यामुळे गुण आला म्हणजे मॅप दोषी ठरला, असा निष्कर्ष निघत नाही.

भारतातला प्रश्न वेगळा आहे

जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. त्यामुळे आपल्याकडे खरी अडचण मॅपपेक्षा मूळ क्षयजंतूची आहे. १९७२ सालीच दिल्लीच्या एच. डी. टंडन आणि ए. प्रकाश यांनी आतड्याचा क्षय आणि क्रोन्स ऊतीवरून कसे वेगळे करावेत यावर लिहिले. क्षयातल्या गाठी मोठ्या, एकमेकींत मिसळलेल्या आणि मध्ये दह्यासारख्या विरघळलेल्या असतात. क्रोन्समधल्या लहान आणि विखुरलेल्या असतात. दुर्बिणीतून क्षयाचे व्रण बहुधा आडवे दिसतात, क्रोन्सचे उभे. पोटात पाणी साचणे क्षयाकडे झुकते, गुदद्वाराजवळचे भगंदर क्रोन्सकडे. बायोप्सीत जंतू दिसला, वाढला किंवा जीनएक्स्पर्ट या जनुकीय तपासणीत उमटला तर प्रश्न मिटतो. आतड्याच्या क्षयात मात्र अनेकदा यापैकी काहीच घडत नाही.

चुकीची किंमत दोन्हीकडे जबर आहे. क्षय असताना स्टेरॉइड किंवा टीएनएफरोधक दिले तर जंतू शरीरभर पसरू शकतो. क्रोन्स असताना टीबीच्या गोळ्यांचा कोर्स चालवला तर मौल्यवान महिने जातात आणि तेवढ्यात आतडे आवळत जाते. म्हणून निदान धूसर असताना आधी क्षयाची औषधे द्यायची आणि दोन-तीन महिन्यांनी कोलोनोस्कोपी पुन्हा करून व्रण भरले का ते पाहायचे, अशी वहिवाट पडली. दिल्लीच्या एम्समध्ये विनीत आहुजा, गोविंद मखारिया आणि सहकाऱ्यांनी या वाटेचा बारकाईने अभ्यास केला. क्रोन्सच्या बऱ्याच रुग्णांनाही टीबीच्या औषधांनी काही काळ बरे वाटते, पण त्यांचे व्रण भरत नाहीत, हे त्यातून पुढे आले. बरे वाटणे ही निदानाची खूण मानू नये, व्रण भरणे ही मानावी, हा या कामाचा धडा रोजच्या व्यवहारात उतरला आहे.

मॅपबाबत भारतातले निकालही दोन दिशांना जातात. मथुरेजवळच्या मखदूम येथील केंद्रीय शेळी संशोधन संस्थेत शूर वीर सिंह यांच्या गटाने भारतीय शेळ्या-मेंढ्यांत मॅपचा मोठा प्रसार दाखवला आणि उत्तर भारतातील क्रोन्सच्या रुग्णांतही तो मिळाल्याचे नोंदवले. २००९ साली हैदराबादच्या गटाला मात्र क्रोन्सच्या बायोप्सींत आयएस९००ची खूण अजिबात मिळाली नाही. दुधाच्या मुद्द्यालाही इथे वेगळे वळण आहे. ब्रिटनमधला वाद ७२ अंशांवरच्या सेकंदांचा आहे. आपल्या बहुतेक घरांत पिशवीतले दूधसुद्धा गॅसवर उतू जाण्याच्या बेतात येईपर्यंत तापते. दूध हीच मुख्य वाट असेल तर उकळण्याची ही सवय आजाराच्या प्रमाणात कुठेतरी उमटायला हवी. तसा नेमका अभ्यास करण्याची जागा भारतच आहे.

काय सुटलेले नाही

एवढा पुरावा समोर ठेवल्यावर दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. मॅप क्रोन्सच्या काही रुग्णांत असतो का? याचे उत्तर बहुधा हो असे आहे, जरी प्रमाणाबद्दल एकवाक्यता नाही. मॅपमुळे क्रोन्स होतो का? याला पुरेसा पुरावा अजून नाही, आणि टीएनएफरोधकांचा अनुभव त्याच्या विरुद्ध बोलतो. क्रोन्स हा एकच आजार नसून अनेक आजारांचे समान रूप असेल, तर रुग्णांच्या एखाद्या छोट्या गटात मॅप खरा दोषी असू शकतो. ही शक्यता कोणत्याही चाचणीने नीट तपासलेली नाही, कारण चाचणीपूर्वी मॅप असलेले रुग्ण वेगळे काढलेच गेले नाहीत. तसे वेगळे काढायचे तर आधी सगळ्या प्रयोगशाळांना सारखाच निकाल देणारी तपासणी हवी. वादाची गाठ तिथे अडली आहे.

ही गाठ सोडवायला लागणारी सामग्री भारतातल्या रुग्णालयांत रोज तयार होते. क्षय की क्रोन्स या शंकेपोटी आपण एकाच रुग्णाची बायोप्सी औषधांपूर्वी घेतो, औषधांनंतरही घेतो, आणि शेवटी त्याला कोणता आजार होता हेही आपल्याला कळते. असे जोडीने घेतलेले तुकडे क्षय विरळ असलेल्या देशांत सहजी मिळत नाहीत. ते जपून ठेवले, एकच पद्धत ठरवून चार-पाच केंद्रांनी नाव झाकून तपासले, तर मॅप कोणात होता, रिफाम्पिसिन पोटात गेल्यावर तो राहिला की गेला, आणि त्याच्या जाण्याने व्रण भरले का, हे तिन्ही एकाच रुग्णात पाहता येईल. डाल्झिएल यांच्याकडे आतडे होते, जंतू नव्हता. चिओडिनींकडे जंतू होता, पण मोजकेच रुग्ण होते. आपल्याकडे रुग्ण आहेत, ऊती आहे आणि निदानासाठी रोज करावी लागणारी दुसरी कोलोनोस्कोपीही आहे. त्या दुसऱ्या तपासणीतला जास्तीचा एक तुकडा कुपीत जपून ठेवला जावा, एवढीच या प्रश्नाची आजची गरज आहे.